प्रवाळबेटांवरच्या भाजीबागा आणि मुलांचं पोषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात शाळांच्या परसबागांचं काम करताना मी अधूनमधून प्रशांत महासागरातल्या बेटांची उदाहरणं देते. त्यावर येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच ते असतात. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान.

नेमकी कोणती बेटं?

मुख्यतः किरिबाटी, तुवालू आणि मार्शल बेटं. (लिहितात किरिबाटी, पण तिथले लोक म्हणतात ‘किरिबास’.) तिन्ही देश जवळजवळ पूर्णपणे प्रवाळबेटांचे. मधे उथळ समुद्राचं तळं आणि त्याच्या कडेने पोवळ्याच्या चुऱ्याची अरुंद पट्टी, एवढीच जमीन. किरिबाटीची ३३ बेटं आहेत. सगळ्यांची मिळून जमीन ८११ चौरस किलोमीटर, आणि ती पसरलीय सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात. तुवालू तर अख्खा देश २६ चौरस किलोमीटरचा. पुढे पोनपेईचाही उल्लेख येईल. ते मायक्रोनेशियातलं बेट वेगळं आहे, ज्वालामुखीचं, डोंगराळ आणि भरपूर पावसाचं. पण तिथल्या केळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

चारी बाजूंनी मासळी, डोक्यावर नारळ. मग मुलं कुपोषित कशी?

पोटं भरलेली असतात, कशाने भरतात ते बघायला हवं. जहाजातून येणारा पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डबाबंद मांस आणि नूडल्स. मार्शल बेटांवर शाळकरी पोरं कोरड्या नूडल्सचं पाकीट फोडून त्यावर सरबताची रंगीत पावडर भुरभुरवतात आणि तसंच कडाकडा खातात. आपल्याकडे मधल्या सुट्टीत कुरकुऱ्यांचं जे स्थान आहे तेच तिथे ह्याचं.

प्रथिनं मासळीतून मिळतात. तुटवडा असतो अ जीवनसत्त्व, लोह आणि इतर सूक्ष्म घटकांचा. १९८९ मध्ये किरिबाटीत मुलांचे डोळे तपासले गेले, तेव्हा दर सात मुलांमागे साधारण एकाच्या डोळ्यांत अ जीवनसत्त्वाच्या अभावाची लक्षणं दिसली. म्हणजे रातांधळेपणा, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग. मार्शल बेटांवर १९९४-९५ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांचं रक्त तपासलं, तर सुमारे ६० टक्क्यांत हे जीवनसत्त्व कमी निघालं. त्याच देशात २०१७ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या साधारण ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. आणि त्याच घरांत आईवडील लठ्ठ, मधुमेही. एकाच ताटाने दोन्ही होतं.

अ जीवनसत्त्वाचे डोस देतात ना? मग बागेचा खटाटोप कशाला?

डोस द्यायलाच हवेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांतून एकदा दोन लाख युनिटचा डोस द्यायचा, तो रातांधळेपणा रोखतो, जीव वाचवतो. बागेमुळे डोस बंद करा असं कोणी सुचवत असेल तर ऐकू नका. फक्त त्या थेंबांत लोह नसतं, फोलेट नसतं, चोथा नसतो. शिवाय सात-आठ वर्षांच्या पोराला आणि गरोदर बाईला त्या थेंबांचा काही उपयोग नाही, ते त्यांच्यासाठी नसतातच.

वाळूत भाजी येते तरी कशी?

नुसत्या वाळूत येत नाहीच. ही आपल्या पुळणीसारखी वाळूही नव्हे, ती पोवळ्याची आणि शंखशिंपल्यांची भुकटी आहे. म्हणजे चुनाच. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) आठाच्या वर. अशा जमिनीत लोह, जस्त, मँगनीज असलं तरी मुळांना उचलता येत नाही, आणि पालाश (पोटॅशियम) तर मुळातच तुटपुंजं. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात ऊस किंवा भुईमूग लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपण म्हणतो, ‘केवडा पडलाय.’

त्यावरचा उपाय तिथले लोक शेकडो वर्षं करत आले आहेत. किरिबाटीत ‘बाबाई’ नावाचा एक कंद लावतात, आपल्या अळूचा दांडगा नातेवाईक, पानं माणसाच्या डोक्यावर जातील एवढी. तुवालूत त्याला ‘पुलाका’ म्हणतात. त्यासाठी खालचं गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात. खड्ड्यात रोपाभोवती पानांची टोपली विणून बसवायची आणि तिच्यात पालापाचोळा, कुजलेलं खत भरत राहायचं. एक कंद तयार व्हायला काही वर्षं जातात. कुठल्या झाडाचा पाला, किती, कधी घालायचा हे प्रत्येक घराण्याचं गुपित असतं. आपल्याकडे मसाल्याचं असतं तसं.

भाजीचा वाफा म्हणजे ह्याच खड्ड्याचं उथळ रूप. तळाला नारळाची सोडणं आणि वाळक्या झावळ्या. त्यावर हिरवा पाला. मग डुकराची किंवा कोंबडीची विष्ठा, मासळी साफ केल्यावरची घाण, चुलीतली राख बेताने (ती सामू वाढवते, पण पालाशही देते). ह्यातच गंजके डबे आणि लोखंडाचे तुकडे पुरतात. ऐकायला खुळचट वाटेल, पण नुसत्या चुन्याच्या मातीत गंज पडून राहतो आणि कुजणाऱ्या पाल्यातल्या आम्लांच्या संगतीत त्यातलं थोडं लोह मुळांच्या हाती लागतं. डबाबंद मांसाचा डबा शेवटी असा कामी येतो.

खत तयार व्हायला दोन-तीन महिने. पहिल्या हंगामात बहुतेक बागा इथेच फसतात. रोपं आधी येतात आणि खत मागून.

पाण्याचं काय?

सगळ्यात अवघड प्रश्न. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखा थर करून तरंगत राहतं. हिशेबाने, समुद्रपातळीच्या वर हातभर गोडं पाणी असलं तर खाली चाळीस हात असतं. म्हणूनच वरचं हातभर उपसलं की खालून खारं पाणी चढतं. अरुंद बेटावर हा थर पातळ असतो आणि त्यातच संडासांचं पाणी झिरपतं.

आमच्या खाडीकाठच्या एका शाळेत आम्ही हा धडा फुकट गिरवला. एप्रिलपर्यंत माठ आणि मुळा झकास होते. मे महिन्यात विहीर मचूळ झाली, कोणी चव घेऊन पाहिली नाही, आणि आठवडाभरात पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या. मुलांनी रोज इमानेइतबारे पाणी घातलं होतं, हे त्यातलं जास्त वाईट.

प्रवाळबेटांवर म्हणून छपरावरचं पाणी टाक्यांत साठवतात, आच्छादन जाड ठेवतात आणि अलीकडे तळाशी पाण्याचा साठा असलेले वाफे वापरतात. तुवालूची राजधानी फुनाफुती, तिच्याजवळच्या फुनाफाला बेटावर पुनर्वापराच्या प्लास्टिकचे असे चौकोनी वाफे मांडून बाग केली आहे. पाणी खालून वर ओढलं जातं, वाफा जमिनीपासून उंच असल्याने खारं पाणी आणि खेकडे दोन्ही लांब. मात्र २०११ सारखा दुष्काळ पडला की काही चालत नाही. त्या साली तुवालूला आणीबाणी जाहीर करून बाहेरून पाणी आणावं लागलं होतं. प्यायला पाणी नसताना भाजी कोण शिंपणार?

मग लावायचं काय? कोबी, टोमॅटो?

त्यांनीच सुरुवात होते आणि त्यांच्यावरच बागा बुडतात. बी परदेशी, कीड फार, पाणी फार, आणि मिळून मिळून मिळतो काय, तर कोबी. मुलांच्या डोळ्यांच्या हिशेबाने कोबी म्हणजे पाणीच.

माझी पसंती झुडपांना. एकदा लावलं की वर्षानुवर्षं पाला देणारी.

चाया : मूळची मेक्सिकोकडची, किरिबाटीत चांगली रुळलेली. ह्या मातीत, ह्या उन्हात टिकते. कच्ची मात्र कधीही खायची नाही. पानांत सायनाइड सोडणारे घटक असतात, ते उकळल्यावर निघून जातात. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उघडं उकळायचं. हे लाल अक्षरांत लिहावं असं आहे, कारण बागेत खेळणारी पोरं पानं तोडून चघळतात.

बेले : भेंडीच्या कुळातलं झुडूप, पण खायची ती पानं. शिजली की भेंडीसारखीच बुळबुळीत. लहान बाळाच्या घशाखाली ती सुरळीत उतरतात, मोठ्यांना तोच बुळबुळीतपणा नको असतो.

नाळीची भाजी आणि रताळ्याचे वेल : रताळ्याचा कंद येवो न येवो, वाळूत पाला भरपूर येतो.

शेवगा : आपल्याला काय सांगायचं! पण तिथे शेंगा कोणी विचारत नाही, पानंच खातात.

घोळ : होय, आपलीच घोळीची भाजी, तिची किनाऱ्यावरची भावंडं. किरिबाटीत तिला ‘बोई’ म्हणतात, दुष्काळात लोक तिच्यावर जगलेत. पेरायला नको, राखायला नको. आणि दुष्काळाची भाजी म्हणूनच ती पानात वाढायला लोकांना लाज वाटते. आपल्याकडे कुर्डू-टाकळ्याचं वेगळं काय आहे?

केळ्याची गोष्ट काय आहे?

पोनपेईत ‘करात’ नावाचं केळं आहे. गर पिवळा नाही, नारिंगी. घड खाली न लोंबता आभाळाकडे तोंड करून उभा. पूर्वी बाळाचं उष्टावण ह्याच केळ्याने व्हायचं. मग अमेरिकी प्रशासनाच्या काळात शाळेच्या जेवणातून तांदूळ आला, दुकानं आली, आणि करात परसात मागे पडलं. १९९० च्या दशकात तिथल्या निम्म्याहून जास्त लहान मुलांत अ जीवनसत्त्वाची कमतरता दिसली, तेव्हा आधी सल्ला दिला गेला हिरव्या पालेभाज्यांचा. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. पाला हे त्यांच्या लेखी माणसाचं अन्नच नव्हतं.

आहारतज्ज्ञ लोइस एंगलबर्गर यांनी उलटा प्रश्न विचारला : तुम्ही आधी काय खात होतात? जुनी केळी जमवून प्रयोगशाळेत पाठवली. करातच्या काही नमुन्यांत १०० ग्रॅम गरामागे २००० मायक्रोग्रॅमहून जास्त बीटा-कॅरोटीन (ह्याच नारिंगी घटकापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) निघालं. दुकानातल्या नेहमीच्या केळ्यात ते पंचवीस-तीसच्या घरात असतं. ‘उतिन याप’ नावाच्या दुसऱ्या जातीत तर त्याहूनही कितीतरी जास्त. परीक्षा सोपी होती, सोलून गराचा रंग बघायचा. २००४ मध्ये तिथे स्थानिक अन्नासाठी संस्था उभी राहिली, २००५ मध्ये करात हे पोनपेईचं अधिकृत राज्यफळ, खरं तर ‘राज्यकेळं’, ठरलं.

हे केळं पोटभर खाल्लं की लघवी पिवळीजर्द होते. घाबरायचं कारण नाही, त्यातल्या एका ब जीवनसत्त्वाचा तो रंग.

प्रवाळबेटांवर करातची जागा घेतो केवडा. आपण ज्याचं कणीस गणपतीत वाहतो त्याच कुळातलं झाड, तिथे त्याची फळं खातात. नारिंगी गराच्या जातींत कॅरोटीन भरपूर. किरिबाटीत गर शिजवून, वाळवून त्याच्या चामड्यासारख्या पोळ्या करतात, आपल्या फणसपोळीसारख्या, आणि त्या टिकतात. भाजीबागेच्या कडेने दोन केवडे लावले तर ते कोणत्याही वाफ्यापेक्षा जास्त वर्षं खाऊ घालतील. हे सांगितलं की लोक हसतात, कारण बाग म्हटल्यावर त्यांना वाफे दिसायला हवे असतात.

मुलं खातात का ती भाजी?

‘भाजी’ म्हणून दिली तर नाही. किरिबाटीत आणि मायक्रोनेशियात पाला म्हणजे डुकराचं खाणं, ही समजूत घट्ट आहे. भाषण देऊन ती जात नाही. पाला चिरून नारळाच्या दुधात मासळीबरोबर शिजवला की मात्र तो कालवण होतो आणि कालवणाला कोणी नाही म्हणत नाही. नारळाचं दूध हवंच, कारण कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. नुसता उकडलेला पाला बराचसा वाया जातो.

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळासाठी : मूठभर बेलेची पानं देठ काढून मऊ शिजवायची, उकडलेल्या माशाचा काटे काढून हाताने कुस्करलेला तुकडा, दोन चमचे नारळाचं दूध, घट्ट खिमट. चमचा वाकडा केला तर हळूच ओघळलं पाहिजे, पाण्यासारखं धावता कामा नये. मीठ नको. अंगावरचं दूध चालूच.

बाग सामूहिक असावी की घरोघरी?

माझं मत घरोघरी, पण खत आणि रोपवाटिका सामूहिक. सामूहिक बागेत उद्घाटनाला शंभर माणसं असतात, चौथ्या महिन्यात पाणी घालायला दोन, त्याही बायका. दक्षिण तारावासारख्या ठिकाणी, जिथे किरिबाटीची निम्म्याहून जास्त लोकसंख्या दाटीवाटीने राहते, घरामागे जागाच नसते. तिथे शाळेची किंवा चर्चची जागा लागते. मग एक गोष्ट आधीच ठरवा, तोडलेली भाजी कोणाच्या घरी जाणार? ठरवलं नाही तर ती विकली जाते आणि पैशातून नूडल्स येतात. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. घरातलं पोर रडत असताना मीही तेच केलं असतं. वाटणी अशी करावी की दोन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई ज्या घरात, त्या घराची पेंढी आधी. उरलेलं विका.

तैवानच्या बागांबद्दल ऐकलंय.

फुनाफुतीत तैवानच्या तांत्रिक पथकाची ‘फातोआंगा फियाफिया’ म्हणजे ‘आनंदी बाग’ आहे. विक्रीच्या दिवशी लोक पहाटेच रांग लावतात. मार्शल बेटांत माजुरोच्या पश्चिम टोकाला, लॉरा इथेही त्यांचं शेत आहे. काम चांगलं आहे. पण किरिबाटीत असंच पथक होतं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये किरिबाटीने तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली, तेव्हा तैवानी तंत्रज्ञ परतले. भाजीच्या वाफ्यावर परराष्ट्र खात्याची सावली पडू शकते, हे आपल्या कल्पनेतही येत नाही.

बागेने मुलांची उंची वाढते का?

सरळ उत्तर : एकट्या बागेने सहसा नाही. घरच्या बागांवर जगभर झालेल्या अभ्यासांतून एवढं दिसतं की भाज्या-फळं खाण्यात वाढतात, ताटात विविधता येते. उंचीवरचा परिणाम पुसटच राहतो. उंची खुंटते ती आईच्या गरोदरपणापासून, वारंवारच्या जुलाबांतून, दूषित पाण्यातून. ज्या वस्तीत संडास नाहीत तिथे चाया कितीही लावा. अहवालात ‘इतके वाफे, इतकी रोपं’ लिहिण्यापेक्षा आदल्या दिवशी मुलाने काय काय खाल्लं ते आईला विचारून लिहा. उंचीचा दावा करू नका, पैसे देणाऱ्याने मागितला तरी.

समुद्र चढतोय. ह्या सगळ्याला अर्थ आहे का?

२०१५ च्या मार्चमध्ये ‘पाम’ चक्रीवादळाच्या लाटांनी तुवालूतल्या काही बेटांवर पुलाकाच्या खड्ड्यांत खारं पाणी भरलं. एकदा मीठ शिरलं की खड्डा सावरायला फार काळ जातो. म्हणून उंच वाफे, म्हणून छपराचं पाणी. त्यापलीकडचं उत्तर भाजीवाल्यांकडे नाही. आज दोन वर्षांच्या असलेल्या मुलाला आज संध्याकाळी जेवायचं आहे.

आपल्या लक्षद्वीपला हे लागू पडतं का?

माती तीच, पोवळ्याची. दहा बेटांवर वस्ती, एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर, आणि भाजी मुख्यतः केरळहून जहाजाने. पावसाळ्यात जहाज अडलं की भाजी अडली. शेवगा, नीरफणस, केळी तिथे होतात. खताचा धडा जसाच्या तसा लागू.

आम्ही इथून बी गोळा करून पाठवू का?

भावना पोचली, पण नको. एक तर बेटांचे वनस्पती-तपासणीचे नियम कडक असतात आणि असायलाच हवेत, बियांबरोबर एखादी कीड गेली तर तिला तिथे शत्रू नसतो. दुसरं म्हणजे गरजच नाही. चाया, बेले, नाळीची भाजी, रताळं, सगळी फांदीने किंवा वेलाच्या तुकड्याने लागतात. शेजारणीच्या झुडपाची हातभर फांदी, दोन दिवस सावलीत सुकवून खताच्या खड्ड्यात खोचली की झालं. अडत असेल तर कुंपणाला मदत द्या. डुकरं मोकळी असतात, आणि कोवळ्या फुटव्यावर त्यांचा माणसाआधी हक्क आहे असं त्यांना वाटतं.